दुखणे नेमके कुठे?

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणतात खरे, पण या दुसऱ्या जन्मात तिला चालायलाही पुन्हा शिकावे लागते की काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. बारसे होते, पेढे वाटले जातात, सव्वा महिना पुरा होतो आणि बाळंतीण ‘सुटली’ असे समजून घर आपल्या कामाला लागते. आमच्या घरीही तसेच व्हायचे होते. पण सव्वा महिना झाला तरी माझ्या वहिनीला स्वयंपाकघराचा उंबरा भिंत धरल्याशिवाय ओलांडता येत नव्हता.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने हाडांच्या सांध्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मला या विषयाचे पुस्तकी शिक्षण नाही. पण या दुखण्यात माझ्याकडे दुभाष्याचे काम आले होते आणि त्याच्या आधी, कोणी न सांगता, मी न्यायाधीशाचेही काम करून बसले होते. त्या निमित्ताने जे ऐकले, विचारले आणि वाचले, ते आपल्या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण हे दुखणे दुर्मीळ नाही. ते ओळखले मात्र क्वचितच जाते.

वहिनी राधानगरीकडची. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या वेळी ती बेळगावात आमच्याकडेच होती. शेवटच्या दोन महिन्यांपासूनच कूस बदलताना ती कण्हत असे. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगी झाली, पण दुखणे गेले नाही. विचारले की ती म्हणे, “कंबर दुखते.” आई म्हणे, “बाळंतिणीची कंबर दुखायचीच की. खरं एवढं धरून बसायचं नसतं.” आईच्या बोलण्यात खोट नव्हती. तिच्या वेळी तिलाही कोणी असेच सांगितले असणार.

मला मात्र वहिनीचा संशय येऊ लागला होता. बाळाला पाजत बसली की ती अगदी चांगली दिसे. थोरल्याशी हसे, बोले. उठून काम करायची वेळ आली की चेहरा पांढरा पडे. पाऊल टाकी तेही वीतभर. शेवटी एकदा मी, तिला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, “कामाच्याच वेळी बरी कंबर दुखते!” ती काही बोलली नाही. तिने बाळाचे दुपटे सारखे केले आणि मान फिरवली.

त्यानंतर आठवड्याभराने, परीक्षा जवळ आली म्हणून मी तिच्या खोलीत रात्री वाचत बसले होते. बाळ रडू लागले. ते पलंगापासून हातभर अंतरावर पाळण्यात होते. वहिनीने पलंगाची कड धरली, पदर दातांत धरला आणि इंच इंच सरकत ती कुशीवर वळू लागली. एवढ्याशा वळण्याला तिला केवढा वेळ लागला! मी जागी आहे हे तिला ठाऊक नव्हते. माणूस दुसऱ्याला दाखवण्यासाठी सोंग करते. अंधारात कोणी सोंग करीत नाही.

एका डॉक्टरांना आधी दाखवले होते. त्यांनी ‘कंबरदुखी’ ऐकून गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितले होते. आता दादाने चौकशी करून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे वेळ घेतली. त्या बाई कानडी बोलणाऱ्या, आणि वहिनीला कानडी येत नाही. म्हणून मी बरोबर गेले.

बाईंनी विचारले, “एल्लि नोवु?” म्हणजे कुठे दुखते? मी वहिनीला विचारले. ती म्हणाली, “कंबर.” मी सांगितले, “सोंट.” बाईंनी पाठीचा खालचा भाग दाबून पाहिला, वहिनीला फार काही दुखले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा ‘सोंट’ म्हणाले. तेव्हा बाईंनी वहिनीला सांगितले की बोलू नका, बोटाने दाखवा. वहिनी माझ्याकडे पाहून ओशाळली. मग तिने ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन्ही जांघांच्या मधोमध, पुढच्या हाडावर हात ठेवला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सोंट अल्ला, इल्लि!” कंबर नव्हे, इथे!

मराठीतली ‘कंबर’ आणि कानडीतला ‘सोंट’ दोन्ही शब्द मला येत होते. मी भाषांतर चोख केले होते. पण मुळातला शब्दच खोटा होता. चारचौघांत त्या जागेचे नाव घ्यायचे नाही, म्हणून वहिनीने जवळचा सभ्य शब्द उचलला होता. आई, मी आणि डॉक्टर, सगळे त्या शब्दाच्या मागे गेलो होतो.

आता ती जागा कोणती, हे समजून घेऊ.

आपले धड पायांवर ज्या हाडांच्या कड्यातून पेलले जाते, त्याला श्रोणी म्हणतात. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मोठी हाडे, आणि मागे मणक्याच्या तळाशी पाचरीसारखे त्रिकास्थी, यांचे हे कडे बनते. त्याला तीन सांधे असतात. दोन मागे, त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना. तिसरा पुढे, जिथे डाव्या व उजव्या जघनास्थी एकमेकींना भिडतात. या पुढच्या सांध्यात कूर्चेची एक गादी असते आणि भोवती अस्थिबंधांचे बळकट पट्टे असतात. गुडघा किंवा कोपर वाकते तसे हे सांधे वाकत नाहीत. त्यांची हालचाल अगदी थोडी असते. त्यांचे काम हलण्याचे नसून भार पोहोचवण्याचे आहे. आपण एका पायावर उभे राहतो, जिना चढतो किंवा कूस बदलतो, तेव्हा धडाचा भार या कड्यातून एका बाजूला जातो.

गरोदरपणात हे कडे थोडे सैल होते. बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. १९२६ साली अमेरिकेतील फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाने गिनिपिगवर प्रयोग करून दाखवले की, गाभण प्राण्याच्या रक्तात असा काही घटक असतो की ज्याने पुढच्या सांध्याचे अस्थिबंध सैल पडतात. त्या घटकाला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळाले. माणसात गोष्ट इतकी सरळ नाही. ज्या बाईच्या रक्तात रिलॅक्सिन जास्त, तिला दुखणेही जास्त, असे सरसकट दिसून आलेले नाही.

सामान्यतः पुढच्या सांध्यातील फट चार ते पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ती आणखी दोन ते तीन मिलिमीटर वाढते. दहा मिलिमीटरच्या पुढे गेली, तर सांधा उलला असे डॉक्टर मानतात. पण क्ष-किरणांच्या चित्रात फट किती दिसते यावरून दुखणे किती हे ठरत नाही. फट थोडी वाढलेली असूनही एखादीला चालवत नाही, आणि जास्त वाढलेली असून दुसरी हिंडत असते. म्हणून ‘फोटो चांगला आला, म्हणजे दुखणे खोटे’ हा हिशेब चुकीचा आहे.

मग दुखते का? याचे उत्तर मला बाईंच्या टेबलाजवळच मिळाले. त्यांनी वहिनीला उताणे निजवले आणि गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर, उचलायला सांगितला. वहिनीने प्रयत्न केला. पाय जणू टेबलाला खिळला होता. घाम आला, पण टाच जेमतेम सुटली. मग बाईंनी तिच्या दोन्ही खुब्यांवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून कडे घट्ट दाबून धरले आणि म्हणाल्या, “आता उचला.” पाय उचलला गेला! वहिनी स्वतःच चकित होऊन आपल्या पायाकडे पाहू लागली. पायात ताकद होतीच. ती ताकद ज्यावर रेटा देणार, तो पाया हलत होता. ही परीक्षा हॉलंडमधील संशोधकांनी पद्धतशीर मांडली आणि आता ती अनेक देशांत वापरली जाते. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

आपल्या भागात बैलगाडी पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. लाकडी चाक अनेक तुकड्यांचे असते. ते तुकडे एकमेकांत नीट बसतात हे खरे, पण त्यांना खरी मजबुती येते ती बाहेरून चढवलेल्या लोखंडी धावेने. धाव ढिली झाली की एकही तुकडा मोडलेला नसताना चाक करकरते आणि ओझ्याखाली डगमगते. श्रोणीचे तसेच आहे. काही मजबुती हाडांच्या एकमेकांत बसण्याने येते आणि बाकीची अस्थिबंध व स्नायूंच्या ताणाने. बाळंतपणात अस्थिबंध सैल होतात, पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून दमलेले असतात. चाक तेच असते, धाव ढिली झालेली असते.

बसल्यावर वहिनी का हसायची, तेही आता कळले. बसल्यावर भार दोन्ही बाजूंना सारखा जातो. उभे राहून एक पाय उचलला की तो एका बाजूला जातो आणि सांध्याला पीळ बसतो. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी तिला खोटी ठरवली, तीच या दुखण्याची खूण होती!

हा आजार नवा नाही. १८७० साली स्नेलिंग या अमेरिकन डॉक्टराने त्याचे सविस्तर वर्णन केले होते. २००८ साली युरोपातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या मते गरोदर स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांना श्रोणीच्या सांध्यांचे दुखणे होते. बहुतेकींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत थांबते, पण काहींचे मागे राहते. आधी कंबरेचे किंवा श्रोणीचे दुखणे झालेले असेल किंवा त्या जागी इजा झालेली असेल, तर संभव वाढतो.

उपचार काय? पहिला उपचार हा की, हे दुखणे खरे आहे, सांध्याचे आहे आणि बहुधा बरे होणारे आहे, हे बाईला आणि घरच्यांना सांगणे. वहिनीला बाईंनी हे माझ्याकरवी सांगितले, तेव्हा तिला रडू फुटले. दुखत होते तेव्हा ती आमच्यासमोर रडली नव्हती.

दुसरा उपचार, भार दोन्ही बाजूंना सारखा ठेवणे. यासाठी बाईंनी सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत. कूस बदलताना दोन्ही गुडघे जवळ आणून, खांदे व खुबे एकदम वळवावेत. अंथरूण खरखरीत असेल तर अंगाखाली गुळगुळीत कापड घालावे. आम्ही आजीचे जुने रेशमी लुगडे घातले. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. परकर, सलवार बसूनच घालावी. जिन्यावर एका वेळी एकच पायरी घ्यावी. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. रिक्षात किंवा मोटारीत आधी बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. मांडी घालणे, उकिडवे बसणे, फरशी पुसणे, भरलेली घागर उचलणे हे काही दिवस बंद. आणि मोठे मूल कडेवर घेणे बंद. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड गेली. तीन वर्षांच्या मुलाला आई कडेवर का घेत नाही, हे कसे समजावणार? अखेर वहिनी खुर्चीत बसे आणि तो स्टुलावर चढून तिच्या मांडीवर येई. चार दिवसांत त्यालाही तो खेळ वाटू लागला.

तिसरा उपचार पट्ट्याचा. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट बांधायची चाल आहे, म्हणून आई म्हणाली, “बांधलंय की आम्ही!” पण पोट बांधतात ते वर, कमरेला. हा पट्टा खाली, खुब्यांच्या हाडांभोवती बांधायचा असतो. म्हणजे चाकाला धाव असते तसा, बाहेरून. तो श्वास अडेल इतका आवळायचा नाही. उभे राहताना व चालताना बांधायचा, निजताना सोडायचा. पट्टा हा आधार आहे, कायमचा इलाज नव्हे.

कायमचा इलाज व्यायामाचा. उताणे निजून गुडघे वाकवायचे, श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत ओढून धरायचे. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, ते आवळून सोडायचे, अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी हा व्यायाम १९४८ साली प्रसिद्ध केला, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गुडघ्यांमध्ये उशी धरून ती हळू दाबायची. हे जमले की मग ढुंगण थोडे उचलण्याचा व्यायाम आणि पुढे उभ्याने करायचे व्यायाम. बाईंचा नियम असा की, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले दिसले तर व्यायाम निम्मा करायचा. सोडायचा मात्र नाही.

नॉर्वेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर हे दुखणे राहिलेल्या ८१ स्त्रियांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना २० आठवडे उपचार मिळाले. ज्या गटाला सांधे स्थिर करणारे व्यायाम प्रत्येकीला तिच्यापुरते आखून दिले होते, त्यांचे दुखणे अधिक कमी झाले आणि दोन वर्षांनीही तो फरक टिकून होता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही. पण नुसते निजून राहण्यापेक्षा बेताने हालचाल चांगली, याविषयी तज्ज्ञांचे एकमत आहे.

इथे आपल्या परंपरेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. बाळंतिणीला विश्रांती, डिंकाचे लाडू, अळीव, शेक आणि तेल या गोष्टींत माया आहे आणि त्यांनी आरामही वाटतो. फक्त तेल लावणारी बाई पाय फाकवून किंवा गुडघे ओढून ‘सांधा मोकळा’ करू पाहील, तर तिला थांबवावे. जो सांधा आधीच सैल आहे, तो आणखी मोकळा करून काय मिळणार?

एक इशारा मात्र आवश्यक आहे. प्रत्येक दुखणे हेच असेल असे धरून घरच्या घरी व्यायाम सुरू करू नयेत. ताप असेल, पायावर अजिबात भार देता येत नसेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ पडली, किंवा मागच्या सांध्यात क्षयाचा संसर्ग झाला, तरीही याच भागात दुखते, आणि आपल्या देशात या दोन्ही गोष्टी होतात. त्यांचे उपचार अगदी वेगळे आहेत.

आमच्या हिशेबशास्त्रात ‘घसारा’ नावाचे एक खाते असते. यंत्र वापरले की झिजते. त्या वर्षी खिशातून पैसा गेला नाही, तरी झीज वहीत मांडावी लागते. नाहीतर नफा खोटा दिसतो. घरात मूल आले हा नफा आपण पेढे वाटून मांडतो. ते आणणाऱ्या शरीराची झीज कोणत्या वहीत मांडतो? २०१७ सालच्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी १२ ऐवजी २६ आठवड्यांची पगारी रजा मान्य झाली. घरात राबणाऱ्या बाईला रजा देणारे कोण? सासू, नवरा, नणंद. म्हणजे आम्हीच. आमच्या घरात पाणी भरणे आणि फरशी दादाकडे आली, थोरल्याची आंघोळ माझ्याकडे. पट्टा आणि व्यायाम यांच्या इतकाच हा उपचार महत्त्वाचा होता, असे बाई म्हणतात.

सहा आठवड्यांत वहिनी काठ न धरता कूस बदलू लागली. तिसऱ्या महिन्यात पट्टा सुटला. चौथ्या महिन्यात ती भाजी आणायला गेली आणि परत येऊन जिना एका दमात चढली. अजून लांब चालले की पुढच्या हाडात ठणका लागतो. थोरल्याला कडेवर घेणे तिने बंदच ठेवले आहे.

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तू तरी काय करणार? मीच कंबर म्हणत होते.” पण मला तिचे म्हणणे पटले नाही. ती कंबर म्हणत होती, कारण दुसरे काही म्हणण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती. मैत्रिणींनो आणि मित्रांनो, उद्या तुमच्या घरातली ताई, वहिनी किंवा मावशी बाळंतपणानंतर भिंत धरून चालताना दिसली, तर ‘अजून कसं दुखतं?’ असे विचारू नका. बाईंनी विचारले तेवढेच विचारा, मराठीत नाहीतर कानडीत: “कुठे दुखते?” आणि तिने बोट ठेवले, की तिथेच पाहा.